आमच्या घरातलं पिवळं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१७ ऑगस्ट २०२५

तायडे,

इथनंच पाया पडतो. आशीर्वाद मेलला जोडून पाठव.

तू म्हणशील, हे बेणं व्हॉइस नोट टाकायची सोडून मेल का लिवतंय? तर आपलं घर दोन खोल्यांचं. मी फोनवर बोलाय लागलो की आक्का भाजी निवडता निवडता कान इकडं लावती. आणि मला बोलायचंय आक्काविषयीच. म्हणून लिवतोय. बारावीला मराठीत गटांगळी खाल्लेलं पोरगं मराठीत लिवतंय, तेवढं तरी कौतुक कर.

आईनं आख्ख्या पेठेत सांगितलंय की आमची संयोगिता लंडनला असती. मी म्हटलं, आई, ते ईस्ट लंडन, आफ्रिकेतलं. तर म्हणती, पूर्वेचं का असंना, लंडनच न्हवं का. गोऱ्यांनी जाईल तिथं आपल्या गावाची पाटी ठोकली आणि आईची सोय झाली.

आता मुद्दा. आक्का आणि मामा गडहिंग्लजकडचं घर बंद करून आक्काच्या भावाकडं, म्हणजे माझ्या पप्पांकडं, राहाय आल्यात, ते काकांनी आपल्या लेकीला सांगितलं असंलच. मामाचं विसरणं आता लै वाढलंय. चहा पितो, कप खाली ठेवतो आणि चहा मागतो. त्याचं हसू येतं. पण दोनदा घरातनं निघून गेला त्याचं येत न्हाय. एकदा रंकाळ्यावर घावला, एकदा मिरजकर तिकटीला. नाव काय म्हणून लोकांनी विचारलं, तर हा नुसता हसतोय.

डॉक्टर म्हणालं, ह्यांना सारखं नावानं हाक मारा. बाकीचं गेलं तरी नाव जवळ राहिलं पाहिजे, हरवला तर सांगता आलं पाहिजे. तवापासनं घरात जप चाललाय. पप्पा 'सोनबादाजी', मी 'सोनबामामा', आई भिंतीआडनं 'सोनबाभाऊजी'. एकटी आक्का तेवढी न्हाय. लग्न झाल्यापासनं तिनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलेलं न्हाय आणि आता बी काढणार न्हाय म्हणती.

मी प्रयत्न केला. गच्चीवर जाऊन बँकेतला साहेब झालो आणि तिला फोन लावला. आवाज घोगरा काढून म्हटलं, पतीचं नाव सांगा, खातं बंद पडंल. आक्का म्हणाली, "आधार कार्डावर छापलंय. वाचाय येत न्हाय तर बँकेत कशाला बसवलंय तुमास्नी?" आणि फोन ठेवता ठेवता, "समऱ्या, उतरताना वाळलेली कापडं घिऊन ये."

मग शेजारच्या बायकांना पेटवलं, उखाणा घ्यायला लावा म्हणून. उखाण्यात तर नाव घ्यावंच लागतंय की. आक्कानं झकास सुरुवात केली, चांदीचं ताट काय, केळीचं पान काय, आणि नावाच्या जागेला आली तशी म्हणाली, "आणि मालकांचं नाव तर तुमास्नी ठावंच हाय." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात चोळत बसलो.

तू तिथल्या लोकांची भाषा शिकतीयास असं काका म्हणत होते. तिथल्या बायका घेतात का गं नवऱ्याचं नाव? आणि आक्काच्या तोंडातनं काढायची एखादी आयडिया दे. मामाच्या भल्यासाठीच म्हणतोय.

तुझा गुणी भाऊ
सम्राट


ईस्ट लंडन
२४ ऑगस्ट २०२५

समऱ्या,

आशीर्वाद आहे. आता खरं सांग, पैज कुणाशी लावलीस? तू कुणाच्या भल्यासाठी गच्चीवर चढलास, हे मी जन्मात ऐकलेलं नाही.

मामांचं वाचून जीव खालीवर झाला. माझ्या पप्पांनी मला 'जरा विसरतात' एवढंच सांगितलं होतं.

तुझ्या प्रश्नानं मात्र मजा केली. उदय सकाळी गाड्यांच्या कारखान्यात जातो, मग मी आणि शेजारची नोमसा कंपाउंडच्या भिंतीला टेकून बोलत बसतो. ती मला तिची खोसा भाषा शिकवते. या भाषेत मधेमधे जिभेनं टकटक आवाज करावे लागतात. एक तर डिट्टो आपण बैल हाकताना गालाच्या कडेनं काढतो तसला आहे. तो मला पहिल्या दिवशी जमला. नोमसा म्हणाली, कुठं शिकलीस? मी म्हटलं, गडहिंग्लजला, आत्याच्या बैलांकडं.

तिला आक्काचं सांगितलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, आमच्यात पण आहे. मान ठेवणं म्हणतात त्याला, त्यांचा शब्द ह्लोनिफा. जुन्या सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. नुसतं नाव नव्हे, त्या नावातला आवाज दुसऱ्या कुठल्या शब्दात आला तर तो शब्दच सोडून देतात आणि त्याच्या जागी नवा आणतात. भाषेचा अभ्यास करणारे काही जण म्हणतात, हे टकटक आवाज मुळात इथल्या आणखी जुन्या लोकांचे. सुनांना नवे शब्द लागायचे, तेव्हा त्या आवाजांचा उपयोग झाला असावा. म्हणजे बघ, सासऱ्याला मान द्यायला आख्खी भाषा थोडी वळली.

नोमसाच्या आजीला सासऱ्यापायी पाण्याचा नेहमीचा शब्द चालत नव्हता. आजीजवळ वाढलेली नोमसा आजीचाच शब्द घेऊन शाळेत गेली आणि तहान लागली तेव्हा त्याच शब्दानं पाणी मागितलं. वर्ग हसला. तिला कळेना, का हसतात.

म्हणून तुला आयडिया देत नाही, काम देते. आक्काला फसवू नकोस, ऐक. ती काय म्हणते त्यापेक्षा काय म्हणत नाही ते बघ. नाव टाळते ते मला पण माहीत आहे. नावाच्या शेजारपाजारचं काय टाळते?

आणि मामांच्या हातात फोन नंबर लिहिलेला पट्टा बांधा. आजच.

ताई


शिवाजी पेठ
९ सप्टेंबर २०२५

तायडे,

पैज आदर्शबरोबर हाय. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. दसऱ्यापर्यंत आक्कानं नाव घेतलं तर त्याची नवी स्टडची बुटं माझी. न्हाय घेतलं तर सीझनभर टीमचे मोजे मी धुवायचे. तू मोजे बघितले न्हाईस, म्हणून तुला कळणार न्हाय मी गच्चीवर का चढलो ते.

पट्टा बांधलाय.

आता तू दिलेलं काम. लै भारी काम दिलंस. मी शाळेत एवढं ध्यान दिलं असतं तर आज तलाठी असतो.

पहिल्यांदा गणपतीत घावली. आख्खं कोल्हापूर गणपती गणपती करतंय आणि आक्का म्हणती, "मोरया बसला", "मोरयाला दुर्वा आण", "मोरया आज जाणार". एकदा बी गणपती न्हाय. आईला विचारलं, तर आई म्हणाली, तिच्या सासऱ्याचं नाव गणपती होतं.

मग मी मामाच्या नावाच्या मागं लागलो. सोनबा. सोनबाच्या शेजारी काय राहतं? इथं मला घाम फुटला, ताई.

आईला बोरमाळ गाठवून आणायची होती म्हणून गुजरीत सराफाकडं गेलतो. मी ऐटीत विचारलं, "पिवळ्याचा आज काय भाव?" तर दुकानातला पोरगा म्हणतोय, पिवळं म्हणजे? पितळ का? मी म्हटलं, पितळ कशाला, पिवळं. ते मागं वळून दुसऱ्याला डोळा मारतंय. मला वाटलं हेच खुळं हाय. बाहेर येऊन आदर्शला फोन लावून विचारलं, दागिने कशाचे असतात रं? तो म्हणाला, सोन्याचे. म्हटलं, पिवळ्याचे असं म्हणत न्हाईस? म्हणाला, सकाळी काय पिऊन आलाईस?

ताई, सोनं हा शब्द मला ठाऊक हाय. टीव्हीवर ऐकतोय, पाटीवर वाचतोय. पण मला वाटायचं तो पुस्तकातला शब्द, आणि घरातला शब्द पिवळं. जसं पुस्तकात 'आहे' आणि तोंडात 'हाय'. आपल्या घरात पप्पा पिवळं म्हणत्यात, जयसिंगपुरात काका म्हणत्यात. तू बी म्हणायचीस. दसऱ्याला आपण आपट्याची पानं कशी वाटतो? "पिवळं घ्या, पिवळ्यासारखं राहा." मी ते पेठभर वाटत फिरलोय लहानपणापासनं आणि कुणी मला थांबवलं न्हाय.

पप्पांना विचारलं. ते म्हणालं, आक्का म्हणायची, म्हणून आम्ही म्हणतो. आज्जी गेली तवा पप्पा आणि काका लहान होते, आक्काच्या सासरीच वाढले, ते तर तुला माहीत हाय. बोलायला तिथंच शिकले. पण पप्पांना बी ठावं न्हवतं की आक्का का म्हणायची. एवढी वर्षं.

शेवटी आक्काच्याच पुढ्यात जाऊन बसलो. म्हटलं, आक्का, तुला सोनं म्हणाय येत न्हाय व्हय? तिनं भाकरीवरनं मान वर केली न्हाय. म्हणाली, "आता कळलं व्हय?"

मग सांगाय लागली. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी म्हटलं, हाक कशी मारायची मग? बाकीच्या बायका पोराचं नाव घेऊन हाक मारायच्या, अमक्याचं बा म्हणून. हिला मूलबाळ न्हाय. तर गोठ्यात एक बैल होता, हौशा. मामा मळ्यात असला की ही बांधावर उभी राहून बैलाला हाक मारायची, "हौशा रंऽ, ये की." बैल बी यायचा आणि मामा बी यायचा. आक्का लाजून लाल झाली, ताई. म्हणाली, नवऱ्याला अरेतुरे करायची सोय दुसऱ्या कुठल्या बाईला न्हवती गावात.

मी म्हटलं, मग हितं का मारत न्हाईस तशी हाक? म्हणाली, "पेठेत बैल कुठला आणू? लोक म्हणतील म्हातारी बी गेली कामातनं."

एवढं हसलो दोघं. पण दुसऱ्याच दिवशी मामा परत निघून गेला. टेंबलाईच्या टेकडीखाली घावला. तिथं एका पोरानं पट्ट्यावरचा नंबर लावला म्हणून बरं. घरी आल्यावर पप्पांचा तोल सुटला. आक्काला म्हणालं, "तुझ्या मानापायी माणूस जाईल आक्का. एकदा नाव घेतलंस तर काय आभाळ कोसळतंय?" आक्का त्या रात्री जेवली न्हाय.

मी पैजेचं घरात कुणाला सांगितलेलं न्हाय. तू बी सांगू नको.

सम्राट


ईस्ट लंडन
१६ सप्टेंबर २०२५

समऱ्या,

तुझं पत्र वाचून मी सिंकपाशी उभी राहिले, नळ चालू ठेवून. उदयला वाटलं भांडी घासतेय.

तुला एक सांगते जे घरात कुणाला माहीत नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासूबाईंनी विचारलं, आवडनिवड काय गं तुझी? मी म्हटलं, मला पिवळं फारसं आवडत नाही, एक माळ बस झाली. सगळी पुणेरी खोली माझ्या साडीकडं बघायला लागली. मग नणंद म्हणाली, साडीचं नाही विचारलं, दागिन्यांचं विचारलं. आणि हसले सगळे. वाईट हेतूनं नाही, पण हसले. त्या दिवसापासून तो शब्द मी टाकून दिला. मला वाटलं, आपण गावठी, आपल्याला धड बोलता येत नाही. पप्पांनी फोनवर पिवळं म्हटलं की मी उदयपासून दोन पावलं लांब जाते.

आणि तो गावठीपणा नव्हताच. तो आक्कानं मामांना दिलेला मान होता, आणि आपण दोन पिढ्या तो नकळत देत होतो. आपण बसलेल्या माणसाला ओलांडत नाही ना, बाजूनं जातो, तसं आपलं घर त्या नावाच्या बाजूनं चालत आलंय.

नोमसाला सांगितलं तर ती भिंतीवरून हात पुढं करून माझा हात धरूनच उभी राहिली. म्हणाली, तुझं ते पिवळं आणि माझं ते पाणी, बहिणी आहेत. मग मी शोधत बसले. इथिओपियात काही लोकांत सुनांची अशी वेगळी बोली आहे, तिकडं मंगोलियातल्या सुनासुद्धा सासरच्यांची नावं टाळायच्या. कुणी कुणाला शिकवायला गेलं नसणार. जिथं जिथं बाई दुसऱ्याच्या घरात गेली, तिथं तिथं तिनं शब्द बदलले.

तरीपण समऱ्या, इथं मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे. शब्द कितीही गोड असला तरी मामा त्याच्यापेक्षा मोठे. आक्काला माझं नाव सांगून म्हण, एकदा घे. मान मोडत नाही त्यानं. रोज सकाळी एकदा 'सोनबा' म्हण, त्यांच्या जिवासाठी. माझं ऐकेल ती.

दसऱ्याला त्यांना गर्दीत नेऊ नका.

ताई


शिवाजी पेठ
४ ऑक्टोबर २०२५

तायडे,

काकांनी तुला फोनवर सांगितलं असंलच, मामा सुखरूप हाय. पण काका तिथं न्हवते. मी होतो. माझ्याकडनं ऐक.

तुझा निरोप मी आक्काला दिलता. ती म्हणाली, "संयोगिताला म्हणावं, लांबनं शहाणपण स्वस्त असतंय." पण मनाला लावून घेतलं तिनं. मी दोनदा बघितलं, मामा झोपला असताना त्याच्या उशाला बसून ओठ हलवत होती. आवाज निघंना. मला बघितलं तशी उठून गेली.

दसऱ्याला मामाला न्यायचंच न्हवतं. पण दसरा चौकाकडं लोक निघाले, वाजाय लागलं, आणि आम्ही सगळे आक्कासकट दारात बघत उभे. आत वळून बघतोय तर मामा न्हाय. मागच्या बोळातनं गेला. पट्टा बाथरूमच्या खुंटीला लटकत होता, अंघोळीला काढलेला.

ताई, दसऱ्याच्या सांजेला दसरा चौक तुला सांगाय नको. माणसावर माणूस. मी आणि आदर्श एका अंगानं, पप्पा दुसऱ्या अंगानं, आई आणि आक्का स्टेजजवळ. तालमीची पोरं पांगली. सगळी 'सोनबामामा, सोनबामामा' वरडत होती, आणि तेवढ्यात मुहूर्त झाला. मग काय, आख्खा चौक 'सोनं घ्या, सोनं घ्या' करत पानांवर तुटून पडला. त्या दंग्यात आमचं सोनबा कुणाला ऐकू जाणार? बाजूला हरवलेल्यांचं सांगाय एक माईक होता. तिथल्या पावण्यानं पुकारलं, सोनबा गणपती, वय झालेलं, पांढरं धोतर, असाल तिथनं मंडपाकडं या. परत पुकारलं. परत पुकारलं. पांढऱ्या धोतराची माणसं तिथं हजार.

अंधार पडत चाललेला. पप्पांचा चेहरा बघवत न्हवता. तो पावणा म्हणाला, घरच्या बाईमाणसाचा आवाज ओळखतील, बोलवा कुणाला. आणि सगळ्यांनी आक्काकडं बघितलं.

मी आक्काचा हात धरून माईकपाशी नेलं. खरं सांगतो, त्या टायमाला बुटं बी आठवली न्हाईत आणि मोजे बी. मी तिच्या कानात म्हटलं, "आक्का, घे की गं एकदा." आदर्श शेजारीच होता. तो म्हणाला, "आत्या, घ्या. मी पैज हरलो समजा." पप्पांनी ते ऐकलं. त्याचं नंतर बघू.

आक्कानं माईक दोन्ही हातात धरला. तोंड उघडलं. सो... एवढं आलं, मी शपथेवर सांगतो, एवढं आलं. आणि थांबली. डोळे मिटले. मग चौकभर आवाज गेला,

"हौशा रंऽ... ये की माघारी. येळ झाली. वैरण टाकल्या."

लोक हसले. एकानं विचारलं, बैल सुटलाय का कुणाचा? माईकवाला माझ्याकडं बघाय लागला. आक्काला कशाचं काय न्हाय. परत, "हौशा रंऽ, ये की." आणि मग तोंडानं तो आवाज काढला, ताई, गालाच्या कडेचा, बैलाला काढतात तो. तुझ्या नोमसाच्या भाषेतला. स्पीकरवर आख्ख्या दसरा चौकाला तो ऐकू गेला.

पहिल्यांदा आदर्शला दिसला. पानांच्या ढिगाऱ्याच्या पलीकडनं एक धोतर लोकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत येत होतं. कुणाला विचारत न्हाय, इकडंतिकडं बघत न्हाय. मळ्यातनं घराकडं यावं तसा सरळ. बघ, आम्ही त्याला नाव शिकवत होतो. ते त्याला जगानं हाक मारायचं नाव होतं. घराकडं यायचं नाव दुसरंच होतं, आणि ते एकट्या आक्काकडं होतं. पेठेतल्या लोकांना लाजून तिनं ते बंद ठेवलं होतं.

मामा येऊन तिच्या पुढ्यात उभा राहिला. मुठीत चार आपट्याची पानं, चुरगाळलेली. चौकात सगळी सोनं सोनं करत होती. ह्याला तर मनाई कधीच न्हवती, त्याचंच नाव ते. त्यानं पानं तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाला, "पिवळं घे."

आक्कानं पदरानं त्याच्या पायावरचा चिखल पुसला.

पप्पांनी घरी आल्यावर आक्काच्या पायाला हात लावला आणि मला पैजेबद्दल एक ठेवून दिली, दोन्ही एका दमात. काल डॉक्टरकडं गेलतो, त्यांना सगळं सांगितलं. ते लै वेळ हसले आणि म्हणालं, मग तीच हाक मारा, ओळखीची हाक महत्त्वाची. आता आमच्या पेठेत सकाळ संध्याकाळ बैलाला हाक जाती. शेजारची पोरं बी मारतात. मामा खिडकीतनं हात वर करतो.

आदर्श बुटं घेऊन आलता. म्हणाला, 'सो' आलं होतं, मी ऐकलंय, अर्धं नाव म्हणजे अर्धी पैज, डावं तू घे. मी म्हटलं, हरलो ते हरलो. आत्ता हे लिवतोय आणि मागं बादलीत मोजे भिजत घातलेत. वास तुझ्या लंडनपर्यंत आला तर कळव.

तुझ्यासाठी मामाच्या हातनं एक पान घेतलंय. आक्कानं ते देवापाशी ठेवलंय, तू येशील तवा देणार हाय. तोवर हितनंच देतो. उदयदाजींच्या समोर, फोन कानाला लावून, मोठ्यांदा म्हणून बघ एकदा.

पिवळं घे ताई. पिवळ्यासारखी राहा.

तुझा
सम्राट